खंदक किती खोल होता?

(प्रस्तावना)

शहाद्यात बसून रणगाड्यांवर पुस्तक लिहितोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्या घरातलं कोण होतं फौजेत?" कुणी नव्हतं. आणि प्रश्न रास्तच आहे, कारण लष्करभरतीच्या नकाशावर खानदेश कधी ठळक नव्हता. मराठा लाइट इन्फंट्रीची माणसं प्रामुख्याने सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या पट्ट्यातली, आणि तिचं ठाणं बेळगावला. आमच्याकडे १९४२ म्हटलं की आठवतो तो नंदुरबारचा शिरीषकुमार. ९ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे सोबती पडले. त्याच्या अडीच महिने आधी लिबियाच्या किनाऱ्यावर, तोब्रुक नावाच्या बंदराच्या वेशीवर, मराठी मुलखातली एक अख्खी पलटण जर्मन रणगाड्यांपुढे उभी होती. त्या सकाळचं नाव आमच्या शाळेच्या इतिहासात आलं नाही. देश ब्रिटिशांना 'चले जाव' म्हणण्याच्या बेतात असताना ब्रिटिशांच्याच फौजेत लढलेल्या पोरांचं काय करायचं, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर कुणालाच धड सुटला नाही, हे त्यामागचं खरं कारण असावं.

रणगाडा आमचा नसला तरी घोडा आमचा आहे. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. घेणारे दात बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात, मग रपेट मारून चाल बघतात आणि त्यानंतर भावाला तोंड फुटतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जगातल्या बहुतेक सेनापतींची युद्धाबद्दलची समज या बाजारातल्या समजुतीपासून फार लांब नव्हती. फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून हाय वूडजवळच्या उभ्या पिकातून दौडत गेले. नंतर दोन महिनेच गेले. त्याच रणांगणावर, १५ सप्टेंबरला, फ्लेर्स गावाच्या रोखाने ब्रिटिशांचे पहिले रणगाडे सरकू लागले. माणसाच्या चालण्याइतकाच वेग, आत इंजिनाची भट्टी, आणि अर्ध्या वाटेत रुतून किंवा बंद पडून बसलेले कितीतरी. तरीही समोरच्या जर्मन खंदकांत हाहाकार उडाला. यंत्रतोफेच्या गोळ्या पत्र्यावरून उडून जाताहेत आणि ते धूड पुढेच येतंय, हे दृश्य त्या दिवसापर्यंत कुठल्याच सैनिकाने पाहिलेलं नव्हतं.

या पुस्तकाचा विषय ते धूड नाही. रणगाड्यांचे टनेज, चिलखताची जाडी, तोफेचं तोंड याविषयी इंग्रजीत कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय, आणि मराठीतही हौशी मंडळी बरंच लिहितात. मला बघायचा होता तो समोरच्या खड्ड्यातला माणूस. त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, तो कधी पळतो आणि कधी जागेवर राहतो? दोन्ही महायुद्धांतले प्रसंग वाचत गेलो तसतसं एक मत पक्कं होत गेलं. रणगाड्यापुढे माणूस टिकला की पळाला, हे त्याच्या जातीवर, देशावर किंवा छातीवर फार थोडं ठरलं. त्याच्या हातात काय दिलं होतं, त्याला आधी काय सांगून ठेवलं होतं आणि त्याचा खंदक किती खोल होता, यावर बरंचसं ठरलं. शौर्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे जरा कोरडं वाटेल. मलाही आधी वाटलं होतं.

भीतीचं आधी बघू. रणगाड्याची भीती रणगाड्याच्या पुढे धावते. १३ मे १९४०ची संध्याकाळ. फ्रान्समध्ये सेदांजवळ जर्मन पायदळ म्यूज नदी ओलांडत होतं. नदीच्या मागे, ब्यूल्सों गावाच्या आसपास फ्रेंचांच्या ५५व्या डिव्हिजनचा तोफखाना होता. कुणीतरी खबर दिली की जर्मन रणगाडे ब्यूल्सोंपर्यंत आले. खबर तोंडोतोंडी झाली, टेलिफोनवर गेली, एका मुख्यालयाने बस्तान हलवलं, आणि ते हलताना पाहून बाकीच्यांनी धीर सोडला. तोफा जागेवर टाकून माणसं रस्त्याला लागली. त्या घटकेला एकही जर्मन रणगाडा नदीच्या अलीकडे आलेला नव्हता. पहिले रणगाडे पूल ओलांडून आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि हे तोफखान्याचे लोक होते, म्हणजे रणगाडा फोडायचं साधन ज्यांच्यापाशी होतं तेच. पण दिवसभर स्टुका विमानांनी त्यांना भाजून काढलं होतं, आणि रणगाडा आला तर काय करायचं याची तालीम त्यांना कुणी दिलेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण इटालियनांचं. दुसऱ्या महायुद्धातला इटालियन सैनिक म्हणजे हात वर करून येणारा, असं चित्र इंग्रजी पुस्तकांनी रंगवलं आणि आपण ते तसंच उचललं. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तच्या वाळवंटात निबेवाच्या छावणीवर हल्ला झाला. पुढे ब्रिटिश मटिल्डा रणगाडे, मागून चौथ्या हिंदी डिव्हिजनचं पायदळ. मटिल्डाचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर, आणि इटालियन तोफांचे गोळे त्यावर आपटून खाली पडत होते. आपला गोळा लागूनही काही होत नाही हे डोळ्यांनी दिसत असताना इटालियन तोफची तोफेपाशी उभे राहिले आणि तिथेच मेले. त्यांचा सेनापती मालेत्तीही त्याच सकाळी पडला. आता यातले भेकड कोण आणि शूर कोण, ते वाचकानेच ठरवावं.

रणगाडा बाहेरून दिसतो तेवढा सर्वशक्तिमान नसतो, हे जर्मनांना पहिल्याच महायुद्धात कळून चुकलं. नोव्हेंबर १९१७मध्ये कांब्रेला ब्रिटिशांनी ४७६ रणगाडे एकदम मैदानात आणले. पहिल्या दिवशी त्यांतले १७९ निकामी झाले, पैकी शत्रूच्या माऱ्याने ६५. बाकीचे ७१ यंत्र बिघडून बसले आणि ४३ खड्ड्यांत रुतले. झाकणं लावून घेतली की आतल्या माणसांना फटीतून दिसेल तेवढंच जग उरतं. अगदी जवळची जमीन, म्हणजे चार-सहा पावलांवर पडून राहिलेला माणूस, त्यांना दिसतच नाही. म्हणून ज्यांनी रणगाड्याशी झुंजायची रीत शिकवली, त्यांनी पहिला धडा दिला तो हाच: पळू नकोस, पळणारा यंत्रतोफेला दिसतो. खड्ड्यात राहा, डोक्यावरून जाऊ दे, तो तुझ्याकरता आलेलाच नाही. पुढे रशियनांनी तर आपल्या रंगरुटांना खंदकात बसवून वरून स्वतःचेच रणगाडे चालवले, भीती मोडावी म्हणून. खंदक अरुंद आणि छातीइतका खोल हवा, माती घट्ट हवी. रेताड जमिनीत कडा ढासळते आणि माणूस जिवंत गाडला जातो. खडकाळ जमिनीत तर खंदक गुडघ्याच्या खाली जातच नाही, मग चहूबाजूंनी दगड रचून आडोसा करायचा आणि त्याला खंदक म्हणायचं.

आता तोब्रुक. या पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्यावर आहे, आणि त्याचं कारण निव्वळ मराठी अभिमान नाही. एकाच जागी, त्याच तारांच्या कुंपणामागे, चौदा महिन्यांच्या अंतराने दोनदा रणगाड्यांचा हल्ला झाला आणि निकाल उलटसुलट लागले. इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग क्वचित मिळतो.

तोब्रुकभोवतीची तटबंदी इटालियनांनी बांधलेली. जमिनीच्या पातळीला काँक्रीटच्या चौक्या दोन रांगांत, पुढे काटेरी तार, रणगाडे अडवायला चर. एप्रिल १९४१मध्ये ती ऑस्ट्रेलियनांच्या हाती होती. १४ एप्रिलच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे तार तोडून आत शिरले. पुढच्या चौक्यांतले ऑस्ट्रेलियन जागचे हलले नाहीत. रणगाड्यांना त्यांनी आत जाऊ दिलं आणि मागून येणाऱ्या जर्मन पायदळावर गोळीबार सुरू केला. आत गेलेल्या रणगाड्यांना समोर भेटल्या २५ पौंडी तोफा, थेट नेमाने मारणाऱ्या. पायदळाची साथ तुटलेली, तोफांचा मारा सुरू, अशा स्थितीत रणगाडे परत फिरले आणि जाताना त्याच चौक्यांसमोरून गेले. रणगाडा जाऊ द्यायचा आणि त्याच्यामागची माणसं अडवायची, हे सूत्र जगाला इथे कळलं. पण हे सूत्र चाललं याला कारण होतं. चौकीतल्या शिपायाला माहीत होतं की मागे तोफा आहेत.

२० जून १९४२ला तटबंदीचा आग्नेय भाग ११व्या हिंदी ब्रिगेडकडे होता. या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी: स्कॉटलंडचे कॅमेरॉन, ७व्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण आणि ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, जुन्या लोकांची 'काली पांचवी'. मराठ्यांचा भाग रोमेलने निवडला. मधल्या वर्षात काय झालं होतं? तोब्रुक पुन्हा वेढ्यात लढवायचं नाही असं वरिष्ठांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. त्यामुळे तटबंदीपुढचे सुरुंग गझालाच्या आघाडीवर लागतील म्हणून मोठ्या प्रमाणात काढून नेले. रणगाडे अडवायचा चर वाऱ्याने आलेल्या रेतीने कित्येक ठिकाणी बुजत आला होता, तो कुणी उपसला नाही. ब्रिटिश विमानतळ मागे हटल्यामुळे डोक्यावर आपलं विमान दिसणार नव्हतं. ऐन वेळी हुकूम फिरला: तोब्रुक राखायचं. किल्ल्याचा सेनापती क्लॉपर हा दक्षिण आफ्रिकेचा अधिकारी त्या पदावर नवखा. या सगळ्यात मराठ्यांच्या पलटणीला कुणी काही विचारलं नव्हतं.

पहाटे पाचच्या सुमारास स्टुका आल्या. लाटेमागून लाट, आणि सगळा मारा त्या एका पट्ट्यावर. तोफांचा भडिमार त्यात मिसळला. धूर आणि धुरळ्याच्या आडून जर्मन सुरुंगवाले तारेपर्यंत पोचले, उरलेसुरले सुरुंग काढले, चरावर वाट केली. मग पायदळ चौक्यांवर आलं. चौक्या एकमेकींपासून दूर, एका चौकीला दुसरीचं काय झालं ते कळायचा मार्ग नाही, टेलिफोनच्या तारा पहिल्या अर्ध्या तासात तुटलेल्या. पलटणीने आपली राखीव तुकडी पुढे घातली, तो प्रतिहल्ला फसला. साडेआठच्या सुमारास जर्मन रणगाडे चर ओलांडून आत येत होते. ज्यांनी त्यांना अडवायचं ते ब्रिटिश रणगाडे एकत्र आणि वेळेवर आले नाहीत. तोफखान्याने थेट नेमाने गोळे टाकले, बऱ्याच तोफा तोफच्यांसकट गेल्या. दुपारी शत्रू किंग्ज क्रॉसच्या तिठ्यावर आणि संध्याकाळी बंदरात. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॉपरने शरणागती दिली. तीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली. शरणागतीवर विश्वास न बसून आपापल्या जागी लढत राहिलेले गुरखे आणि कॅमेरॉन नंतर थांबले. चर्चिलला ही बातमी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टसमोर मिळाली, रोमेल फील्ड मार्शल झाला, आणि अमेरिकेने ३०० शर्मन रणगाडे इजिप्तला धाडायचं कबूल केलं.

मराठ्यांच्या त्या पट्ट्यातून शत्रू आत आला, हे खरं. काही इंग्रजी वृत्तांतांत हे वाक्य असं येतं की जणू दार तिथे सैल होतं. दार सैल होतं ते बिजागऱ्या काढून नेल्यामुळे. रणगाड्याशी झुंजायला पायदळाच्या पलटणीपाशी त्या काळी काय असे, तेही बघण्यासारखं आहे. बॉइज नावाची रणगाडाविरोधी बंदूक, वजन सोळा किलोच्या आसपास, धक्का असा की खांदा निखळेल, आणि १९४२च्या जर्मन रणगाड्याला समोरून ती जवळजवळ निरुपयोगी. दोन पौंडी तोफ भिडायची ती अगदी जवळून, आणि जर्मन रणगाडे तिच्या टप्प्याबाहेर थांबूनच तिला टिपत. सहा पौंडी तोफा यायला लागल्या होत्या, पण थोड्या. या हत्यारांनिशी ऑस्ट्रेलियन तरी काय करते, याचं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

कैद झालेल्यांचा पुढचा प्रवास वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे: बेनगाझीचे तारेचे कोंडवाडे, मग जहाजाने इटली, आणि पुढे काहींच्या नशिबी जर्मनांच्या छावण्या. १९४४च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर बॉम्ब पडून भिंती फुटल्या, तेव्हा शेकडो हिंदी कैदी चालत स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचले. त्याच काळात मराठ्यांच्या इतर पलटणी इटलीत उत्तरेकडे सरकत होत्या. माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिथेच पडला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ८व्या हिंदी डिव्हिजनमध्ये तर आता मराठ्यांची स्वतःची अँटी-टँक रेजिमेंट होती. तोब्रुकनंतर दोन वर्षांत एवढा फरक पडला.

मलायाचं प्रकरण मी मुद्दाम छोटं ठेवलंय, कारण तिथे मराठा पलटणी नव्हत्या आणि जे झालं ते एका परिच्छेदात मावतं. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी ठरवलं की जंगलात रणगाडा चालत नाही. सबब मलायात त्यांचा एकही रणगाडा नव्हता. जपान्यांनी आणले. रणगाडा जन्मात न पाहिलेल्या पंजाबी आणि गुरखा शिपायांच्या पलटणींवर ते रस्त्याने धडधडत आले. ७ जानेवारी १९४२ला पहाटेच्या अंधारात स्लिम नदीजवळ तीसेक रणगाड्यांनी काही तासांत दोन ब्रिगेड मोडल्या. रस्ता अडवायला झाडं आणि सुरुंग पुरेसे घातले असते तर, वगैरे चर्चा मग लंडनला निवांतपणे झाली.

आणि तोच गुरखा शिपाई दोन वर्षांनी काय करतो ते पाहा. १२ जून १९४४, मणिपुरातलं निंगथौखोंग गाव. सातव्या गुरखा रायफल्सचा गंजू लामा (मूळचा सिक्कीमचा, रूढ अर्थाने गुरखाही नव्हे) पियाट नावाचं खांद्यावरून डागायचं हत्यार घेऊन जपानी रणगाड्यांकडे सरपटत निघाला. डावं मनगट मोडलेलं, आणखी दोन जखमा. तीसेक यार्डांवर गेल्यावर त्याने पहिला रणगाडा फोडला, मग दुसरा, आणि बाहेर पडणाऱ्यांना बॉम्ब फेकून संपवलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो खऱ्या अर्थाने कमावलेला होता. पण पियाट नसता तर त्याच्या त्या धाडसाने रणगाड्याला साधा ओरखडाही आला नसता. पियाट आलं १९४३मध्ये. तोब्रुकच्या चौक्यांत ते नव्हतं.

पारडं फिरल्यावर तीच पाळी जपान्यांवर आली. मार्च १९४५मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाला डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स यांचे शर्मन रणगाडे शिरले (नावात दख्खन असलं तरी सगळे स्वार दख्खनचे नव्हते, हे जाता जाता). जपान्यांपाशी त्यांना भेदणाऱ्या तोफा पुरेशा उरल्या नव्हत्या. त्यांनी खड्ड्यात एकेक माणूस बसवला, मांड्यांमध्ये विमानातून टाकायचा बॉम्ब आणि हातात दगड. रणगाडा वर आला की दगड बॉम्बच्या टोकावर मारायचा. तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल स्लिम याने हे लिहून ठेवलंय. रणगाड्यांच्या बाजूने चालणारे हिंदी पायदळाचे जवान या माणसांना आधीच हेरून गोळी घालत गेले, म्हणून फारसं नुकसान झालं नाही. त्या खड्ड्यात बसलेल्याला शूर म्हणावं, की ज्या लष्कराने त्याला तोफेऐवजी दगड दिला त्याला जाब विचारावा? मी दुसऱ्या पक्षाचा आहे.

दंतकथांपासून शक्य तेवढं दूर राहिलोय. पोलंडचे घोडेस्वार भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले, ही गोष्ट आमच्या सारंगखेड्याच्या बाजारात कुणी सांगितली तर टाळ्या पडतील. घडलं ते असं की १ सप्टेंबर १९३९ला क्रोयांतीला त्यांनी पायदळावर यशस्वी दौड केली, आणि नंतर चिलखती गाड्यांच्या गोळीबारात सापडले. रणगाड्यांवर भाल्याने हल्ला हे जर्मन प्रचाराचं खाद्य. त्याच दिवशी मोक्राला पोलिश घोडदळाने घोड्यावरून उतरून, रणगाडाविरोधी तोफा लावून जर्मन रणगाडे फोडले, ते मात्र कुणाच्या लक्षात नाही. मॉस्कोच्या वेशीवर १८ रणगाडे फोडून मरण पावलेले पानफिलोव्हचे २८ वीर सोव्हिएत शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. ती गोष्ट वर्तमानपत्राच्या कचेरीत रचली गेली होती, हे सरकारी चौकशीत १९४८लाच निघालं आणि दाबून ठेवलं गेलं. तिथे खरोखर लढलेल्या हजारोंवर तो अन्यायच होता.

पुस्तक १९४५ला थांबतं. १९६५ आणि १९७१ यात नाही: तारापोर, अरुणकुमार वैद्य, अरुण खेत्रपाल यांच्यावर मराठीत चांगलं लेखन आहे, आणि ती गोष्ट रणगाड्याच्या आतल्या माणसांची आहे, समोरच्यांची नव्हे. लढायांची नावं मूळ उच्चाराच्या जवळ ठेवलीत, पदांची इंग्रजी नावं तशीच ठेवलीत, कारण जवान तीच वापरतात.

वाचायच्या आधी जमलं तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून यावं. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४मध्ये उभारलेलं. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ, सगळं उघड्यावर मांडलेलं आहे. शाळांच्या सहलीतली मुलं तोफेपुढे उभी राहून फोटो काढतात. आपण जरा वाकून चालकाच्या फटीची रुंदी बघावी, मग पट्ट्याची उंची स्वतःच्या छातीशी ताडून बघावी. पहिलं प्रकरण फ्लेर्सपासून सुरू होतं. ज्याला मराठ्यांच्या पलटणीचीच ओढ असेल त्याने मधली पानं सोडून थेट तोब्रुकवर जावं, मी वाचक असतो तर तेच केलं असतं. ब्यूल्सोंचं प्रकरण मात्र नंतर परत येऊन वाचावं, ते गाळू नये.

शहादा, जि. नंदुरबार